लाज मोजायचा काटा

माणसाला लाज किती वाटते हे मोजायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला जराही लाज वाटली नाही. ती पुढे वाटली आणि हे लिहिताना अजून वाटते आहे. पण आमच्या सोसायटीत या प्रकरणाच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरतायत आणि त्यातल्या एकीत तर मला पोलीस घेऊन गेले होते. तेव्हा खरी हकीगत मीच सांगितलेली बरी.

मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. भाजीवाल्याच्या तागडीपासून सोनाराच्या काट्यापर्यंत सगळं तपासलं, शिक्के मारले. मी दुकानात शिरलो की तराजू सरळ होत असं मी म्हणतो. बायको म्हणते, दुकानदार सरळ होत, तराजू तसेच राहत. निवृत्तीनंतर शांती नगरातल्या दोन खोल्यांत मोजण्यासारखं फार काही उरलं नाही. घरात आलेलं रव्याचं पाकीट मी पुन्हा तोलून बघायचो, तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर निघून जायची.

अशा वेळी भाची समिधा आली. ती आरोग्यशास्त्रात पीएच.डी. करतेय. पोहे खाता खाता तिने विषय सांगितला. वय झालं की पुष्कळ लोकांची लघवी थांबत नाही, शिंकताना, हसताना गळते. त्यापेक्षा वाईट म्हणजे ते लाजेने कुणाला सांगत नाहीत आणि डॉक्टरकडे जात नाहीत. ही लाज किती, ते तिला मोजायचं होतं. मी पोह्यांची बशी जराशी लांब सरकवली.

"लाज कशी मोजणार?" मी विचारलं. "ती काय परातीत काढून ठेवता येते?"

नेमकं तेच, असं ती म्हणाली. जी गोष्ट थेट दिसत नाही तिला त्यांच्यात सुप्त चल म्हणतात. ती मोजायला प्रश्नावली करायची. 'बाहेर पडण्याआधी तिथे बाथरूमची सोय आहे का, याचा विचार करावा लागतो.' 'हे कुणाला कळेल अशी भीती वाटते.' प्रत्येक प्रश्नापुढे कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. पण ही प्रश्नावली भरवशाची आहे का, हे आधी तपासावं लागतं. म्हणून त्याच माणसांना पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि उत्तरं किती जुळतात ते बघायचं.

एवढं ऐकलं आणि माझ्या अंगात निरीक्षक संचारला. एक किलोचं वजन आज ठेवलं तर एक किलो, पंधरा दिवसांनी ठेवलं तरी एक किलो. नोकरीभर मी दुसरं केलंय काय? समिधाला साठीच्या पुढची माणसं हवी होती आणि आमच्या सोसायटीत तीच जास्त आहेत. मी म्हटलं, काळजी सोड, मामा आहे. तिने बजावलं की फॉर्मवर नाव नको, फक्त नंबर, आणि प्रत्येकाने एकट्याने भरायचं. मी मान डोलावली. शिस्त म्हणून प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात नाव लिहून ठेवलं, ते तिला सांगायची गरज वाटली नाही.

इथे एक खुलासा करून ठेवतो. मला स्वतःला तसला काही त्रास नाही, असं तेव्हा माझं मत होतं. मी फक्त काळजी घेणारा माणूस आहे. घरातून निघताना एकदा जाऊन येतो. लिफ्ट वर येईपर्यंत वेळ असतो, म्हणून पुन्हा एकदा जाऊन येतो. जेसल पार्कच्या खाडीकाठी फिरायला जाणं मी बंद केलं ते तिथे डास फार झाले म्हणून. बायकोने डासांबद्दल कधी काही विचारलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं होतं.

सोसायटीचं ऑफिस वापरायला मिळावं म्हणून सेक्रेटरी लोकेश म्हात्रेकडे गेलो. त्याने अर्ज मागितला. अर्ज दिला तर लेटरहेडवर मागितला. मी निवृत्त माणूस, माझं लेटरहेड कुठलं? समिधाच्या संस्थेचं पत्र आणलं तर त्यात आमच्या सोसायटीच्या नावात 'को-ऑप.' राहिलं होतं. ते सुधारून आणलं, तेव्हा कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात असल्याचं कळलं. शेवटी मी त्याच्या आईला, केसरबाईंना, मध्ये घातलं आणि रविवारची सकाळ मिळाली. केसरबाई मूळच्या भाईंदरजवळच्या राई गावच्या. लग्न होऊन आल्या, नवरा गेला, आता लेकाकडे आमच्याच मजल्यावर असतात. त्यांचं हसणं आमच्या बंद दारातून ऐकू यायचं. अलीकडे ते कमी झालं होतं, पण मी त्याची नोंद घेतली नव्हती.

रविवारी माणसं जमली आणि संमतीपत्रावर अडली. गेली दोन वर्षं आमच्याकडे बिल्डिंग पाडून नवी बांधायची चर्चा चाललीय आणि संमती म्हटलं की लोकांना बिल्डर आठवतो. विरोधी गटाचे कोंडिराम जाधव म्हणाले, मी मेलो तरी सही करणार नाही. बिल्डरच्या बाजूच्या गटातल्या एका गृहस्थांनी आपली करून झाल्यावर बायकोचीही करून टाकली आणि पार्किंग किती मिळणार ते विचारलं. हा विषय लघवीचा आहे, हे मला सगळ्यांना मोठ्या आवाजात सांगावं लागलं. त्यानंतर ऑफिसात जी शांतता पसरली ती सोसायटीच्या कुठल्याही मीटिंगमध्ये मी पाहिलेली नाही.

मग चहा आला आणि सर्वांनी शेजारच्याच्या कागदात बघत उत्तरं लिहिली. फरसाणवाले हितेशभाई 'कधीच नाही'वर टिकमार्क करत सुटले, बेरीज विचारली आणि शून्य ऐकून नाराज झाले. "शून्य? साहेब, बाजूवाल्या भाऊला सात आलाय. माझा थोडा वाढवा ना." त्यांना सांगितलं, इथे शून्य चांगलं, तेव्हा सात मिळालेल्याचा चेहरा पडला आणि त्याने आपला कागद परत मागितला. केसरबाईंना वाचायची सवय नव्हती, म्हणून लोकेश त्यांना खणखणीत आवाजात प्रश्न वाचून दाखवत होता आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी म्हणत होता, "मम्मी, कधीच नाही ना?" केसरबाई मान हलवत होत्या. तासाभरात काम फत्ते झालं.

दुसऱ्या फेरीला लोकेशने ऑफिस नाकारलं, कारण बिल्डरची माणसं यायची होती. तेव्हा बायको म्हणाली, मी घरोघरी जाते. ती गेली, प्रत्येकाला म्हणाली सावकाश भरा, मी गॅलरीत उभी राहते. केसरबाईंना तिने दुपारी एकट्या गाठून एकेक प्रश्न हळू वाचून दाखवला. तासाभराचं काम तिने चार दिवस घोळवलं, असं माझं मत पडलं.

आणि मग मी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून तपासायला बसलो. उत्तरं जुळतच नव्हती. शून्यवाले हितेशभाई आता बावीसवर होते. सातवाले चौदावर. कोंडिराम 'कधीच नाही'वरून 'कधी कधी'वर उतरले होते. केसरबाईंच्या कागदावर तर बहुतेक ठिकाणी 'नेहमी' होतं. एवढी तफावत भाजीच्या गाडीवर सापडली असती तर मी तराजू जप्त केला असता. भाचीच्या पदवीचा प्रश्न होता. मी खोडरबर घेतला, टोपी घातली, एकदा जाऊन आलो आणि निघालो.

प्रत्येकाच्या दारात उभं राहून मी पहिलं उत्तर दाखवत होतो, दुसरं दाखवत होतो आणि यातलं खरं कुठलं, असं खात्याच्या आवाजात विचारत होतो. माणसं घाबरून म्हणायची, पहिलंच ठेवा. हितेशभाईंनी तर दुकानातली गिऱ्हाइकं तशीच सोडून मला बाजूला नेलं आणि "साहेब, शून्य करून टाका, आणि इकडे बोलू नका" म्हणून पाव किलो पापडी हातात कोंबली. मी पापडी नाकारली. लाच मी कधी घेतलेली नाही, हे या सगळ्यात नमूद करण्यासारखं आहे.

शेवटी केसरबाईंचं दार. लोकेशनेच उघडलं. आत राईची माणसं बसली होती. केसरबाईंच्या भावाच्या नातीचा साखरपुडा ठरला होता आणि भाऊ स्वतः बोलावणं करायला आला होता. अशा वेळी शहाणा माणूस नंतर येतो म्हणतो. मी तसं म्हटलं नाही. मी कागद पुढे धरला.

"मावशी, पहिल्या वेळी तुमचं सगळीकडे 'कधीच नाही' होतं. आता 'हसताना लघवी होते' याला 'नेहमी' आलंय. दोन्हीतलं एक चुकलेलं असणार."

केसरबाईंचा भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. लोकेश माझ्याकडे बघत होता आणि मग आईकडे. केसरबाईंनी पदर सारखा केला.

"चुकलं आसंल, साहेब," त्या म्हणाल्या. "कंदी न्हाय लिवा."

मी त्यांच्या चपलांच्या कपाटावर कागद ठेवून खोडला आणि नवीन खूण केली. निघताना कानावर आलं की केसरबाई भावाला सांगतायत, गुडघे धरलेत, माला साखरपुड्याला यायला न्हाय जमायचं. गुडघ्यांवर पण एखादी प्रश्नावली असायला हवी, असा विचार करत मी घरी आलो. असा विचार मी खरोखरच केला होता. तो आठवला की आजही मान वर होत नाही.

आठवड्याने समिधा आली ती न हसता. दोन वेळची उत्तरं किती जुळतात याचा आकडा शून्य आणि एकच्या मध्ये येतो. माणसांच्या बाबतीत तो एकच्या जरा जवळ गेला तरी आनंदीआनंद असतो. आमचा पूर्ण एक आला होता. तिच्या मार्गदर्शक संचिता मॅडमनी कागद बाजूला ठेवले होते आणि म्हणाल्या होत्या की ही माणसं नाहीत, हे कुणीतरी घरी बसून भरलंय. असं ठरलं तर तिचं नाव संस्थेतून जाणार होतं.

"घरी बसून कसलं?" मी म्हटलं. "उन्हातान्हात दारोदार फिरून जुळवलंय मी."

मग मी सगळं अभिमानाने सांगितलं. खोडरबरही दाखवला. समिधाने तो माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

"मामा," ती म्हणाली, "तराजू ती माणसं नव्हती. तराजू माझी प्रश्नावली होती. तपासायचं तिला होतं."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी खुर्चीत होतो, पण बसल्यासारखं वाटत नव्हतं. काटा तपासायचा सोडून मी गिऱ्हाइकाच्या वांग्यांना दम देऊन आलो होतो की मागच्या वेळेइतकंच वजन भरा. आणि उत्तरं का बदलली होती तेही उघड होतं. ऑफिसात चहाबरोबर सगळे खोटं बोलले होते. घरात, एकटे असताना, त्यांनी खरं लिहिलं होतं. ते खरं मी दारोदार फिरून खोडून टाकलं होतं.

बायको बाहेर आली. ती मला एवढंच म्हणाली की केसरबाईंनी ते उत्तर देताना तिचा हात धरून ठेवला होता. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण पोळी आणखी हवी का, हे विचारायची नाही. चाळीस वर्षांच्या संसारात पोळीचं विचारणं बंद होणं ही फार मोठी शिक्षा आहे.

मी समिधाबरोबर संस्थेत गेलो. संचिता मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांच्यापुढे उभा राहून मी सगळं सांगितलं. कोपऱ्यातली नावं, खोडरबर, सगळं. त्यांनी बसा म्हटलं तरी मी उभाच होतो, कारण मी आयुष्यभर ज्यांना पकडलं ते सगळे माझ्यापुढे उभेच असायचे. मॅडमनी माझ्याकडून लेखी जबाब घेतला. समिधाने लबाडी केली नाही एवढं सिद्ध झालं. पण आमच्या सोसायटीचे सगळे कागद बाद, संस्थेच्या समितीपुढे खुलासा आणि काम पहिल्यापासून, दुसऱ्या वस्तीत, मामाशिवाय. ही शेवटची अट त्यांनी वेगळी लिहून घेतली. मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि ज्या बाईंचं उत्तर तुम्ही चारचौघांत वाचलंत, त्यांचं काय करणार आहात?"

परतताना समिधा पूर्ण वेळ फोनमध्ये बघत होती आणि फोन बंद होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोकेश कामावर असताना मी केसरबाईंच्या दाराची बेल दाबली. त्या मेथी निवडत होत्या. आत या म्हणाल्या, बसा म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितली. खात्याची सवय, वयाचा दोष, भाचीचं भलं, अशी बरीच कारणं मी घोकून नेली होती. मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज येत राहिला. कारणं संपली तेव्हा माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती.

"मावशी, माझं पण तसंच आहे."

"कसं?"

"म्हणजे... ते."

"ते म्हंजे काय?" त्यांनी मेथी खाली ठेवली. "त्या दिशी तर माज्या भावापुढं चांगलं नाव घेतलंत."

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही, डॉक्टरला सांगितलं नाही, समिधाचे दोन्ही फॉर्म स्वतः भरले तेव्हा दोन्हीवर 'कधीच नाही' लिहिलं. "मला लघवी थांबत नाही," मी म्हटलं. "तुमच्या दारात उभा होतो ना तेव्हासुद्धा..."

केसरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. ते जुनं, बंद दारातून ऐकू येणारं हसू. मध्येच त्यांनी पदर घट्ट धरला, "आता माला हसवू नका, दादा," म्हणाल्या आणि बाथरूमकडे पळाल्या. हसणं आतूनही ऐकू येत होतं. मी तिथेच उभा होतो. मला लाज वाटत होती, पण जरा श्वासही घेता येत होता.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं. राई काही लांब नाही, पण रस्त्यावर गाड्या तुंबतात. मध्ये रिक्षा थांबवा म्हणायचं तर सगळे विचारणार, म्हातारीला काय झालं. म्हणून वर्षभर त्या माहेरी गेल्या नव्हत्या. भावाला वाटत होतं, बहीण जमिनीच्या वाटणीवरून रुसलीय. मी म्हटलं, तुम्ही आमच्याबरोबर चला, आणि थांबवायची वेळ आली की माझं नाव घ्या.

साखरपुड्याच्या दिवशी लोकेश त्याच्या बायकोला घेऊन बाईकवरून पुढे गेला. मागे रिक्षात आम्ही तिघं. मी, मध्ये माझी बायको आणि पलीकडे केसरबाई. रस्त्यात सोय कुठे कुठे आहे हे मी आदल्या दिवशी जाऊन पाहून ठेवलं होतं. माझ्या सबंध आयुष्यातली उपयोगी पडलेली तपासणी म्हणायची तर ती एकच. पुलाच्या अलीकडे केसरबाई रिक्षावाल्याला म्हणाल्या, "थांब रं पोरा, दादांना लागलीय." मी उतरलो. पाय मोकळे करायच्या निमित्ताने त्याही उतरल्या. भाईंदरच्या बाजारात पुन्हा "दादांना लागलीय." तिसऱ्यांदा रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "अंकल, शुगर चेक करवा लो." मी मान खाली घातली. बायको हसत नव्हती, पण तिने मला घडीचा रुमाल काढून दिला.

राईला पोचायला उशीर झाला. केसरबाईंनी दारातच जाहीर केलं, दादांमुळं. क्षणात ते मांडवभर झालं. त्यांचा भाऊ, ज्याच्यासमोर मी तो कागद वाचला होता, मला हाताला धरून घराच्या मागे घेऊन गेला आणि दार दाखवून म्हणाला, लाजू नका, हे आपलंच हाय. एका म्हाताऱ्याने गोखरूचा काढा सुचवला, दुसऱ्याने त्याच्यावर डोळे वटारून मेथीचं पाणी सुचवलं. विहीणबाईंनी जेवताना माझ्या पानाजवळचं पाणी काढून घेतलं. एका मुलीने दुसरीला हळूच माझ्याकडे बोट दाखवलं. वजनमापे खात्याचा निरीक्षक म्हणून मला त्या गावात कुणी ओळखत नाही आणि आता ओळखण्याची शक्यताही उरली नाही.

केसरबाई बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. त्या गात होत्या, मग हसत होत्या, मग उठून जाऊन यायच्या आणि पुन्हा गायला बसायच्या. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळं लक्ष माझ्याकडे होतं.

परतताना त्याच रस्त्यावर गाड्या तुंबल्या. केसरबाई निवांत होत्या. पंचाईत माझी झाली होती. आग्रहाची दोन ग्लास कोकम सरबतं पोटात होती आणि या वेळी खरोखरची वेळ आली होती. पण जाताना माझ्या नावाने इतक्यांदा रिक्षा थांबली होती की आता तोंड उघडवेना. मी पाय जुळवले, बाहेरच्या पाट्या वाचल्या, मनात पाढे म्हटले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलणार तोच पलीकडून आवाज आला.

"थांब रं पोरा," केसरबाई म्हणाल्या. "माला लागलीय."

रिक्षा कडेला लागली. केसरबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर डोक्यावर घेतला आणि समोर बघत बसल्या. बायकोने माझ्या हातातली आहेराची पिशवी स्वतःकडे घेतली आणि म्हणाली, "जा, आम्ही आहोत."

मी उतरलो.